भायखळ्याला उतरा की एकदा

बावीस वर्षं डोंबिवली ते सीएसटी केलं. (सीएसएमटी म्हणायची सवय अजून लागली नाही, रागावू नका.) या बावीस वर्षांत भायखळा म्हणजे माझ्यासाठी एक खूण होती, बस. फास्ट लोकलने दादर सोडलं की पुढचं भायखळा. ते आलं की पर्समधून कंगवा काढायचा, ओढणी सारखी करायची, डबा आहे ना बघायचं, कारण त्यानंतर थेट शेवटचं स्टेशन. त्या स्टेशनला इमारत आहे आणि ती बघण्यासारखी आहे, हे मला माझ्या शहात्तर वर्षांच्या आत्यामुळे कळलं. ती राहते वाईजवळ. म्हणजे मुंबईकर मी, आणि मुंबई दाखवली तिने.

झालं असं की आत्याला भायखळ्याची राणीची बाग, म्हणजे तिथलं प्राणिसंग्रहालय, बघायची होती. लहानपणी गिरणीत कामाला असलेल्या तिच्या काकांनी तिला एकदा तिथे नेलं होतं. गेंड्याची आठवण निघाली आणि तिने धोशाच लावला. भावाचं म्हणणं, कॅब करा. मी म्हटलं, डोंबिवलीहून कॅब केली तर बाग बंद व्हायच्या वेळेला पोहोचू. शेवटी रविवारी, मेगाब्लॉक सुरू व्हायच्या आत, मी, आत्या आणि सात वर्षांचा भाचा अशी वरात लोकलने निघाली.

भायखळ्याला उतरलो. मी सवयीने तरातरा जिन्याकडे. मागे बघते तर आत्या नाही. ती तिकीटघराच्या बाहेर भिंतीला तळहात लावून उभी. म्हणाली, "अगं, हा दगड बघ. आपल्या वाड्याचं जोतं असंच लागतं हाताला." मी त्या भिंतीकडे पहिल्यांदा थांबून पाहिलं.

आता थोडं सांगते, कारण मलाही घरी येऊन वाचेपर्यंत माहीत नव्हतं. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली, हे आपण शाळेत घोकलेलंच आहे. चौदा डबे, साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, वगैरे. भायखळा हे त्याच मार्गावरचं, त्याच काळातलं स्टेशन. आधी लाकडी होतं, मग १८५७ मध्ये ही दगडी इमारत उभी राहिली. आपण ज्या बोरीबंदरच्या इमारतीसमोर पाहुण्यांचे फोटो काढतो, तिचं काम सुरू झालं १८७८ मध्ये. म्हणजे थोरली बहीण भायखळ्यात, आणि मिरवते धाकटी! थोरल्या बहिणींचं घरोघरी हेच होतं. (मी थोरली आहे, कळलं असेलच.)

मधल्या दीडशे वर्षांत या भिंतींवर रंगाचे थर चढत गेले. सरकारी इमारतीचं ठरलेलंच असतं. कोणी पाहुणा येणार म्हटलं की मारा ऑइल पेंट, त्यावर पुढच्या पाहुण्यासाठी आणखी एक. २०१९ पासून ते थर काढून खालचा दगड पुन्हा मोकळा करायचं काम झालं. एका स्वयंसेवी संस्थेने आणि बजाज समूहाच्या ट्रस्टने ते हाती घेतलं, वास्तुविशारद आभा नारायण लांबा. मध्ये कोविड आला, तरी २०२२ मध्ये काम पूर्ण झालं आणि त्याच वर्षी युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार या स्टेशनला जाहीर झाला. ते वाचून मला खरंच बरं वाटलं. राजवाड्याला, देवळाला बक्षीस मिळतं ते ठीकच. पण जिथे रोज हजारो माणसं घामाघूम होऊन धावतात, पानाच्या पिचकाऱ्या मारतात, त्या चालू स्टेशनला मिळालं, याची मजा वेगळी.

यावर आमच्या लेडीज डब्याच्या ग्रुपवर ताबडतोब वाद झाला. "चढायला जागा नाही आणि हे दगड पुसत बसलेत." हे मी नेहमी ऐकते आणि मला ते पटत नाही. दगड पुसले म्हणून गाडी रद्द झाली नाही. आणि दगड पुसले नसते तर गाडी वाढली असती असंही नाही. पण त्या बायकांच्या रागात तथ्य आहेच, आणि माझं म्हणणं त्याबद्दलच आहे.

जुनं स्टेशन जपायचं म्हणजे नक्की काय जपायचं? कमान, जाळी, बिडाचे खांब, सगळं हवं. पण स्टेशन हे माणसाने थांबायचं ठिकाण आहे. त्याचा वारसा म्हणजे सावली, पाण्याचा नळ, पाठ टेकता येईल असं बाकडं, लांबून दिसणारं घड्याळ आणि उघडं असलेलं स्वच्छतागृह. दोन वर्षांपूर्वी एका नावाजलेल्या जुन्या स्टेशनवर (नाव घेत नाही, मुंबईतलं नाही) मी ह्याच आत्याला घेऊन गेले होते. काय ती रोषणाई, काय तो सेल्फी पॉइंट, लाल हृदय आणि गावाचं नाव! आणि बायकांच्या स्वच्छतागृहाला कुलूप. चावी कोणाकडे, तर ज्याच्याकडे आहे तो जेवायला गेलाय. आत्या पाऊण तास गप्प बसून होती, आणि गाडीत चढल्यावर मला म्हणाली, "म्हणून मी प्रवासात पाणी पीत नाही." आपल्या आया-मावश्यांच्या पिढ्या अशा न पिता फिरल्या आहेत. कुठलंही जुनं स्टेशन सजवताना पहिला खर्च ह्या दारावर करा, मग हवे तर दिवे लावा. अशा सजवलेल्या स्टेशनांत बाकडी काढून त्या जागी मोबाईल कव्हरचे स्टॉल लावायची जी टूम निघाली आहे, तिच्यावर तर वेगळी पोस्ट लिहीन.

दुसरी सोय अजून स्वस्त आहे. एक नकाशा. तिकीट खिडकीशेजारी, मराठीत, मोठ्या अक्षरात : बाहेर पडल्यावर काय, किती मिनिटं, पूर्वेला की पश्चिमेला. आम्ही राणीच्या बागेचा रस्ता तिघांना विचारला आणि तिघांनी तीन दिशा दाखवल्या. तिसऱ्याने तर थेट टॅक्सीच दाखवली, तो टॅक्सीवाला होता. खरा रस्ता सांगितला भाजीवालीने. पूर्वेला बाहेर पडा, ग्लोरिया चर्चचे मनोरे दिसतील, आंबेडकर रोडने सरळ उत्तरेला. माझ्या पावलांनी दहा-बारा मिनिटं. आत्याच्या पावलांनी, मध्ये दोनदा उसाचा रस धरून, चाळीस.

बागेबद्दल फार लिहीत नाही, पेंग्विनची रांग आणि भाच्याचं रडणं तुम्ही सगळ्यांनी अनुभवलंय. १८६२ ची ही बाग, प्राण्यांपेक्षा मला तिथली झाडं आवडतात. तिथल्या गोरखचिंचेचं खोड बघून आत्या म्हणाली, "हिला नऊवारीसुद्धा पुरणार नाही."

पण बागेला लागूनच जे आहे ते चुकवू नका. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८७२ पासून लोकांना खुलं, आधीचं नाव व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट, १९७५ मध्ये आपल्या भाऊ दाजींचं नाव मिळालं. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, डॉक्टर, प्राचीन लेख वाचणारे. आत मातीच्या छोट्या बाहुल्यांमधून जुने व्यवसाय, पगड्या, पेहराव मांडले आहेत. भाचा, जो पेंग्विनपुढे रडला, तो इथे अर्धा तास काचेला नाक लावून होता.

आणि इथेच मला स्टेशन आणि संग्रहालयाचा धागा सापडला : नाना शंकरशेट. मुंबईत रेल्वे यावी म्हणून खटपट करणारे नाना, आणि हे संग्रहालय उभं राहावं म्हणून भाऊ दाजींबरोबर झटणारेही तेच. एकाच माणसाचा हात लागलेल्या दोन गोष्टी, मध्ये दहा-बारा मिनिटांचा रस्ता. हे त्या नकाशावर दोन ओळींत लिहिलं तर मुलं रेल्वेचा धडा घोकणार नाहीत, चालत जाऊन बघतील.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. घारापुरीचा. ह्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो पडला आणि फुटला. तुकडे भायखळ्यात आले, १९१४ मध्ये जोडले. सांधे जवळून दिसतात. आत्याने तेही हात लावून बघितलं. रखवालदार काही बोलायच्या आत मी तिला पुढे नेलं. जवळच खरा काळा घोडाही आहे, म्हणजे ज्याच्या नावाने फोर्टमध्ये जत्रा भरते तो इंग्लंडच्या राजपुत्राचा घोड्यावरचा पुतळा. १९६५ मध्ये तिथून उचलून इकडे आणला. फोर्टातला आताचा घोडा नंतरचा, आणि स्वार नसलेला.

एक सूचना : बुधवारी जाऊ नका, बाग आणि संग्रहालय दोन्ही बंद असतात. आणि पाय चांगले असतील तर परतताना पश्चिमेला उतरून खडा पारसी हा पुतळा बघा. दोन पुलांच्या बेचक्यात, उंच खांबावर उभा आहे. माझ्याने त्या दिवशी झालं नाही, नंतर एकटी गेले.

संध्याकाळी परत स्टेशनवर आलो. प्लॅटफॉर्मवर बाकडं रिकामं मिळालं. आत्याने चपला काढल्या, पिशवीतून भाजलेल्या शेंगा काढल्या, टरफलं ठेवायला ओच्यात जागा केली. डोंबिवली लोकल लागली. आत चक्क खिडकीजवळ जागा दिसत होती. मी उठले, भाच्याला उठवलं.

"ही जाऊ दे," आत्या म्हणाली. "शेंगा राहिल्यात."

पुढची आली, तीही गेली. तिसऱ्या गाडीला आत्याने टरफलं पिशवीत भरली आणि चपला घातल्या. खिडकी नाही मिळाली, ठाण्यापर्यंत उभी आले.