अल जझिरा अल हमराला जाणार असाल तर

थंडी सुरू झाली की दुबई-शारजातल्या आपल्या मराठी ग्रुपांवर ते व्हिडिओ पुन्हा फिरायला लागतात. रात्रीची वेळ, मोबाईलचा टॉर्च, पडक्या घरांची गल्ली, आणि मागून कुणीतरी 'अरे काहीतरी हललं' म्हणून ओरडतंय. रास अल खैमा या अमिरातीतलं अल जझिरा अल हमरा, म्हणे 'भुताचं गाव'. मला याचा मनापासून राग येतो. का येतो ते आज सविस्तर लिहिते.

हे गाव भुतांमुळे ओस पडलेलं नाही. इथे झआब टोळीची माणसं राहायची. मोती काढायची, मासे धरायची, शेळ्या पाळायची. भरतीला चहूबाजूंनी पाणी भरलं की गावाचं बेट व्हायचं. १९६८ च्या सुमारास रास अल खैमाच्या शासकांशी बिनसलं आणि बहुतेक कुटुंबं अबू धाबीला निघून गेली. तिकडे तेलाचा पैसा यायला लागला होता. म्हणजे ज्या घरात आपण चपला-बुटांसकट शिरून रील काढतो ते कुणाच्या तरी आजोबांचं घर आहे, आणि त्यांची नातवंडं गाडीने अडीच-तीन तासांवर राहतात. आपल्या कोकणातल्या बंद घराच्या पडवीत परक्या पोरांनी असा धिंगाणा घातला तर आपल्याला चालेल का?

जायचं तर दिवसा जा, आणि आधी एका भिंतीसमोर नीट उभे राहा. तो दगड समुद्रातून काढलेला आहे. प्रवाळ आणि किनाऱ्यावरचा खडक. हात फिरवलात तर प्रवाळाची बारीक बारीक छिद्रं बोटांना लागतात, मधल्या गिलाव्यात शिंपल्यांचे तुकडे दिसतात. खोल्या सगळ्या अरुंद आणि लांबट, कारण छपराला वापरलेले खारफुटीचे वासे पूर्व आफ्रिकेहून गलबतांनी यायचे आणि त्या वाशांची लांबी जेवढी तेवढीच खोलीची रुंदी. वर खजुराच्या झावळ्यांच्या चटया. पैसेवाल्याच्या घरावर वाऱ्याचा मनोरा, गरम हवेतही वरची झुळूक खाली खोलीत आणणारा. त्याच गल्लीत सिमेंटच्या ठोकळ्यांची घरंही आहेत, ती शेवटच्या काही वर्षांतली. लोक ती बघून नाक मुरडतात, 'हे काही जुनं नाही' म्हणतात. मला तीच जास्त अस्वस्थ करतात. नवं घर बांधायला काढलं होतं त्यांनी!

आणि हे सगळं उभं कशावर होतं? माणसांच्या श्वासावर.

मोत्यांचा मोठा हंगाम भर उन्हाळ्यात, साधारण जून ते सप्टेंबर. गलबतं बाहेर पडली की माणसं महिनोन्‌महिने समुद्रावर. बुडी मारणाऱ्याच्या नाकाला चिमटा, बोटांना कातडी टोप्या, गळ्यात जाळीची टोपली, पायाला दगड. दगडाच्या वजनाने तो झपकन तळाशी जायचा, मिनिट-सव्वा मिनिटात हाताला लागतील ते शिंपले खुडायचा आणि दोर हलवायचा. वरचा गडी त्याला ओढून घ्यायचा. थोडी उसंत, की पुन्हा खाली. दिवसाला पन्नासेक बुड्या. पोट भरलेलं असलं तर बुडी मारता येत नाही, म्हणून दिवसभर खजूर आणि कॉफी, जेवण काय ते रात्री. कानाचे पडदे फाटायचे, डोळे जायचे, आणि शेकडो शिंपले फोडूनही हाती काही लागेल याची खात्री नाही.

गलबताचा मालक-तांडेल म्हणजे नाखुदा (आपल्या कोळीवाड्यातला 'नाखवा' हा शब्दही याच कुळातला). तो हंगामाआधी बुडीवाल्याला उचल द्यायचा, घरच्यांचं चार महिने भागावं म्हणून. हंगाम संपला की हिशोब. हिशोबात बहुतेकदा बुडीवालाच देणं लागायचा. मग पुढच्या वर्षी पुन्हा त्याच नाखुदाकडे. बाप गेला तर कर्ज मुलाच्या डोक्यावर. आणि हे झालं स्वतंत्र माणसांचं. कित्येक बुडीवाले सरळसरळ गुलाम होते, पूर्व आफ्रिकेतून आणि इराण-बलुचिस्तानकडच्या मकरान किनाऱ्यावरून पळवून आणलेले. विसाव्या शतकातसुद्धा ही माणसं ब्रिटिश एजन्सीच्या, म्हणजे इथल्या ब्रिटिश सरकारी कचेरीच्या दारात येऊन सुटकेचा दाखला मागत होती. त्यांचे जबाब लिहिलेले आहेत, आजही वाचता येतात.

आता आपल्याकडे वळते. आपण ज्याला बसऱ्याचा मोती म्हणतो तो याच आखातातला. इथल्या मोत्यांची सगळ्यात मोठी बाजारपेठ मुंबई होती. अरब व्यापारी मोती घेऊन मुंबईत यायचे, पेढ्या थाटायचे, वर्षानुवर्षं राहायचे. मोत्यांना वेज मुंबईत पाडली जायची, प्रतवारी मुंबईत व्हायची, तिथून माल पॅरिस-लंडनला. परतीच्या गलबतात तांदूळ, कापड, मसाले, लाकूड. इथल्या व्यवहारात रुपया चालायचा, तोही थेट १९६६ पर्यंत. आजीची नथ कौतुकाने दाखवताना आपण 'अस्सल बसरा हं' म्हणतो, तेव्हा तो मोती कुणी वर आणला हा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारलेला मी ऐकलेला नाही. १९१७ साली न्यूयॉर्कमध्ये कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्याने मोत्यांच्या दुपदरी हाराच्या बदल्यात फिफ्थ ॲव्हेन्यूवरची आख्खी हवेली घेतली. मोत्याचा भाव त्या काळी असा होता, आणि बुडीवाला मात्र कर्जात.

पुढे जपानात मिकीमोतोचे संवर्धित, म्हणजे शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले मोती आले, १९२९ ची मंदी आली, आणि काही वर्षांतच आखातातला हा धंदा बसला. हजारो वर्षांचा धंदा होता हो. अबू धाबीजवळच्या मरावाह बेटावर सापडलेला मोती सुमारे ८००० वर्षांपूर्वीचा आहे.

अल जझिरा अल हमराची डागडुजी गेली काही वर्षं चालू आहे, हिवाळ्यात तिथे कला महोत्सव भरतो, युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही गावाचं नाव गेलंय. आनंदच आहे. पण माझी कळकळ अशी की नुसत्या चुन्याच्या गुळगुळीत भिंती आणि पिवळे दिवे नकोत. बहारीनमध्ये मुहर्रक शहरातला मोत्यांचा मार्ग २०१२ साली जागतिक वारसा झाला, त्यात व्यापाऱ्यांच्या वाड्यांबरोबर एका बुडीवाल्याचं साधं घरही जपलंय. कतारच्या दोह्यात तर बिन जलमूद हाऊसमध्ये गुलामगिरीवर संग्रहालय आहे, आणि ते गुलामांच्याच एका व्यापाऱ्याच्या घरात. एवढं धाडस शेजाऱ्यांनी केलंय. मग या गावातही एखाद्या खोलीत कर्जाची वही, नाकाचा चिमटा, पायाचा दगड आणि एखाद्या सुटका झालेल्या माणसाचा जबाब मांडायला हवा. मुलं भुतापेक्षा या गोष्टीने जास्त हलतील, माझी खात्री आहे.

आणि एक विनंती. तुमच्यापैकी कुणाच्या घरात मुंबईच्या मोतीबाजाराशी संबंध असेल, कुणाचे आजोबा वेज पाडायचे, चाळण्यांवर मोती निवडायचे, कुणी पटवेकरी असतील, तर त्यांच्या वह्या, चाळण्या, वजनं रद्दीत किंवा मोडीत घालू नका. फोटो काढा, घरातल्या थोरल्यांना बोलतं करून रेकॉर्ड करा, आणि जमलं तर खाली कॉमेंटमध्ये लिहा. मी एकेक वाचणार आहे.