बीएमआय ३२.९ आणि नाकारलेली शस्त्रक्रिया

माझ्या वहिनी कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर राहतात. उंची १५५ सेंटिमीटर, वजन ७९ किलो. इन्सुलिन घेऊनही त्यांची साखर आटोक्यात येत नाही आणि झोपेत श्वास अडकतो म्हणून रात्री सीपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा मास्क लावावा लागतो. भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर त्या कठड्याला टेकून उभ्या राहतात. शेजारचे दार उघडले की मोबाइल पाहत असल्याचे दाखवतात. डॉक्टरांनी बॅरिॲट्रिक, म्हणजे वजन कमी करण्यासाठीची शस्त्रक्रिया सुचवली, पण बीएमआय ३५ च्या आत आहे एवढ्याच कारणावरून विमा कंपनीने मंजुरी नाकारली.

बीएमआय म्हणजे किलोतले वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. ४०, किंवा गंभीर सहव्याधी असल्यास ३५, हा शस्त्रक्रियेचा निकष अमेरिकेत १९९१ मध्ये ठरला, आणि आपल्याकडच्या विम्याच्या अटीत आजही तेच आकडे आहेत. वास्तविक बीएमआयचा आकडा भारतीय शरीराबाबत किती फसवा आहे, हे पुण्याइतके कोणाला ठाऊक असावे? इथल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के निघाली. २००४ मध्ये दोघांनी ते छायाचित्रासह प्रसिद्ध केले. भारतीय शल्यचिकित्सकांनी सहव्याधी असल्यास ३२.५ ची मर्यादा मानली आहे, आणि २०२२ च्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनी आशियाई रुग्णांसाठी ती २७.५ पर्यंत खाली आणली.

शस्त्रक्रिया सरसकट सर्वांची व्हावी, असे माझे मुळीच म्हणणे नाही. नंतर आयुष्यभर जीवनसत्त्वे, लोह आणि रक्ततपासण्या सांभाळाव्या लागतात. ज्याचा बीएमआय ३६ आहे पण अवयव ठणठणीत आहेत, त्याला जाहिरातींनी घाई करू नये. उलट लठ्ठपणामुळे ज्यांचा श्वास, साखर, सांधे बिघडले आहेत, त्यांना शस्त्रक्रियेची संधी आधी मिळावी. २०२५ च्या जानेवारीत लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञगटानेही हाच भेद केला: केवळ बीएमआयवर निदान करू नका, कंबर किंवा चरबी मोजा आणि अवयवांवर परिणाम झाला आहे का ते पाहा.

वहिनींना नातेवाईक अजूनही “जिभेवर ताबा ठेव” असे सांगतात, याचा मला मनापासून राग येतो. भारतीय स्त्रीसाठी कंबरेच्या घेराची मर्यादा ८० सेंटिमीटर मानतात. वहिनींचा घेर १०४ भरला. विम्याच्या अर्जात त्यासाठी रकानाच नव्हता. तो आकडा आणि झोपेच्या तपासणीचा अहवाल जोडून आम्ही कंपनीकडे फेरविचाराचा अर्ज दिला आहे. तिथेही नकार आला, तर विमा लोकपालांकडे जाणार आहोत.