‘अभ्यास वाढवा’ म्हणणाऱ्या अनामिकांस

अनामिक,

‘महोदय’ लिहिणार होते, पण नावाची जागा तुम्ही कोरी सोडली आहे, तेव्हा उगाच अंदाज कशाला बांधा.

विज्ञानातल्या बायकांवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: संगणकातल्या चुकीला म्हणतात त्या ‘बग’ शब्दाची मी सांगितलेली गोष्ट चुकीची आहे. एकोणिसाव्या शतकातल्या गणिती एडा लव्हलेसला मी फुकट डोक्यावर घेतलंय. हेन्रिएटा लेव्हिट आणि हार्वर्ड वेधशाळेतल्या बाकीच्या बायका ‘ठिपके मोजणाऱ्या कारकून’ होत्या, खरा शोध पुढे खगोलशास्त्रज्ञ हबलनं लावला. एवढ्या थोर असत्या तर नोबेल मिळालं नसतं का? आणि शेवटी ते अजरामर वाक्य: ‘ताई, भावनेच्या भरात इतिहास लिहू नका. जरा अभ्यास वाढवा.’

आधी चूक कबूल करते. संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपरनं ‘बग’ (इंग्रजीत किडा) हा शब्द शोधला असं मी लिहिलं होतं, ते चुकलं. १९४७ साली मार्क २ या संगणकाच्या रिलेत, म्हणजे विजेच्या स्विचमध्ये, पतंग (उडणारा किडा) सापडला, तो नोंदवहीत चिकटपट्टीनं चिकटवला आणि शेजारी ‘खराखुरा बग सापडल्याची पहिलीच घटना’ अशा अर्थाची नोंद केली गेली. शब्द आधीपासून रुळलेला होता म्हणून तर ती कोटी जमली. एडिसनच्या १८७८ सालच्या पत्रातही तो आहे. झालं समाधान? त्याच परिच्छेदात, दोनच ओळी खाली, हॉपरनं १९५२ साली केलेल्या कंपायलरबद्दल (सूचनांचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमबद्दल) लिहिलं होतं. त्यावर मात्र तुम्ही चकार शब्द काढला नाहीत. पतंग बरा दिसला.

आता ‘अभ्यास वाढवा’बद्दल. इंटरनेटवर मी बारा वर्षं लिहितेय. माझ्या लेखात चूक असली तर ‘हे तपासून बघा’ म्हणणारे वाचक आहेत, त्यांच्यामुळे मी कितीतरी दुरुस्त्या केल्यात. तुम्ही नुसती चूक दाखवून थांबला नाहीत, माझी इयत्ता काढलीत. आणि ते ‘ताई’! वर ‘ताई’ आणि खाली चापट, ही रीत मला चांगली ओळखीची आहे. हाच लेख एखाद्या बुवानं लिहिला असता तर तुमची सुरुवात ‘सर, एक शंका’ अशी झाली असती, पैजेवर सांगते.

असो. मला खरं बोलायचंय ते ‘ठिपके मोजणाऱ्या कारकून’ या तीन शब्दांवर.

ठिपके कसे मोजतात, बघितलंय कधी? पेरूमधल्या आरेकिपाच्या दुर्बिणीतून काढलेल्या काचेच्या प्लेटा हार्वर्डला येत. निगेटिव्हवर तारे म्हणजे मिरीच्या दाण्याहून बारीक काळे ठिपके, एकेका प्लेटवर हजारोंनी. एका रात्रीच्या प्लेटची पॉझिटिव्ह प्रत करायची, तिच्यावर दुसऱ्या रात्रीची निगेटिव्ह तंतोतंत बसवायची आणि भिंग घेऊन वाकायचं. ज्या ताऱ्याचं तेज तेवढंच राहिलं तो जवळपास पुसला जातो. ज्याचं बदललं त्याचा ठिपका जुळत नाही, कडा उरते. मग शेजारच्या माहीत असलेल्या ताऱ्यांशी ताडून त्याचं तेज ठरवायचं, वहीत लिहायचं, पुढची प्लेट घ्यायची. लेव्हिटला ऐकू फार कमी यायचं आणि तासाला ३० सेंट मिळायचे. १९०८ साली तिनं ‘मॅगेलनचे मेघ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ताऱ्यांच्या दोन समूहांमधल्या १७७७ रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांची यादी छापली.

यादी म्हणजे कारकुनी, बरोबर? पण त्याच लेखात १६ ताऱ्यांचा एक छोटा तक्ता आहे आणि त्याखाली तिनं नोंदवलंय की जे तारे जास्त तेजस्वी आहेत त्यांचा तेज कमीजास्त होण्याचा काळही जास्त आहे. १९१२ साली तिनं २५ ताऱ्यांवर ते पक्कं केलं. यातली मेख अशी की हे सगळे तारे एकाच मेघातले, म्हणजे आपल्यापासून साधारण सारख्याच अंतरावर. त्यामुळे जो प्रखर दिसतो तो खरोखरच प्रखर आहे, जवळ आहे म्हणून नव्हे. ताऱ्याचा काळ मोजा, त्याची खरी तेजस्विता कळते. ती दिसणाऱ्या तेजाशी ताडा, अंतर कळतं. हबलला १९२३ साली देवयानी दीर्घिकेत असाच एक तारा सापडला आणि ती दीर्घिका आपल्या आकाशगंगेच्या बाहेर आहे हे त्यानं याच नियमाच्या आधारावर दाखवलं. फूटपट्टी कुणाची होती? कारकुनाची.

आणि त्या १९१२ च्या पत्रकावर सही कुणाची? वेधशाळेचे संचालक पिकरिंग यांची. पहिल्या वाक्यात सांगितलंय की पुढचं निवेदन मिस लेव्हिट यांनी तयार केलं आहे. बस.

‘ठिपके मोजणाऱ्या कारकून’ हे मला का झोंबतं ते सांगते, वैयक्तिक आहे तरी. मी चार वर्षं एका प्रयोगशाळेत पेशी मोजल्या. सूक्ष्मदर्शकाखाली आखलेल्या चौकटीची काच, हातात टकटक करायचं मोजणीयंत्र. वरच्या आणि डाव्या रेघेला टेकलेली पेशी धरायची, खालच्या आणि उजव्या रेघेवरची सोडायची. दिवसाला चाळीस-चाळीस काचा. एकदा माझ्या लक्षात आलं की प्रत्येक नळीच्या शेवटच्या काचांवरचे आकडे कमी येतात. औषधाचा परिणाम समजून सगळे खूश होते. मी नळी उजेडात धरली, तर पेशी तळाला बसलेल्या! मधूनमधून हलवल्या नाहीत तर वरच्या थरात पेशी कमीच येणार. सगळी मोजणी पुन्हा झाली आणि निबंधाचा निष्कर्ष बदलला. छापून आला तेव्हा शेवटी माझ्यासाठी एक ओळ होती: ‘तांत्रिक साहाय्याबद्दल आभार.’ आडनावात वेलांटी चुकवून.

मी काही लेव्हिट नव्हे, हे सांगायला पुन्हा प्रतिक्रिया लिहू नका. पण मोजणाऱ्याला काय दिसतं हे मला तुमच्याहून थोडं जास्त ठाऊक आहे. हाताखालून हजार काचा गेल्याशिवाय हजार-एकावी वेगळी दिसत नाही. तेव्हा ‘भावनेच्या भरात’ हे शब्द परत घ्या. नाही घेतलेत तरी चालेल, मला सवय आहे.

बाकीचं पटकन उरकते.

नियम लेव्हिटचा असला तरी अंतरांचं माप आधी खगोलशास्त्रज्ञ हर्ट्‌झस्प्रुंगनं बसवलं, असं तुम्ही कंसात म्हणता. हो, १९१३ साली. अशा ताऱ्यांची अंतरं मोजली जावीत ही अपेक्षा लेव्हिटनं आदल्याच वर्षी लिहून ठेवली होती. यावर सविस्तर पुन्हा कधीतरी.

एडा: गणन-यंत्राचा आराखडा करणाऱ्या बॅबेजनं आधी त्या यंत्रासाठी काही उदाहरणं स्वतः मांडली होती, मान्य. आकडे फिरवणारं यंत्र संगीतही रचू शकेल हे १८४३ साली लिहिलं ते तिनं.

नोबेल: भौतिकशास्त्रात १९०३ साली मेरी क्युरी, मग १९६३ साली मारिया गोपर्ट-मायर, मग थेट २०१८ साली डॉना स्ट्रिकलंड. मधल्या वर्षांत बायका झोपल्या होत्या असं तुमचं म्हणणं असेल तर तसं स्पष्ट लिहा. अणुविखंडनासाठी १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल एकट्या ऑटो हानला मिळालं, त्याची सहकारी लिझे माइटनर हिला नाही. आणि लेव्हिटचं नाव सुचवायचं स्वीडनचे गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांच्या मनात आलं ते १९२५ साली. तिला जाऊन तेव्हा तीन वर्षं उलटून गेली होती.

‘बग’चं वाक्य आज रात्री बदलते. दुरुस्ती सुचवणाऱ्याचं नाव मी लेखाखाली देत असते. तुमचं देता येणार नाही, तुम्ही लिहिलेलंच नाही.