पोकलेन परत गेल्यावर

मे महिन्यात आमच्या सिन्नरकडच्या रानात गाळाच्या चाळीस ट्रॉल्या पडल्या. थोरल्या भावाने फोटो पाठवला तेव्हा मी नाशिकमध्ये द्वारकेच्या सिग्नलला अडकलेलो होतो (म्हणजे नेहमीच्याच जागी). मुरमाड माळावर काळ्याभोर ढिगांची रांग. वीतभर मातीखाली लगेच मुरूम लागतो अशी ही जमीन. बाजरी, मठ, आणि पाऊस बरा झालाच तर थोडा लाल कांदा. असल्या रानावर तळ्यातली माती पडणं म्हणजे सणच. भाऊ खूश, मीही खूश.

तात्या मात्र ढिगाजवळ गेले, मूठभर माती चोळून पाहिली आणि म्हणाले, "आपलीच आहे रे ही. इथून वाहून तळ्यात गेली. आता डिझेल घालून परत आणताय."

आमचे हे चुलते बहात्तरच्या दुष्काळात बांधबंदिस्तीच्या कामावर होते. आमच्या उतारावरचे जे बांध आहेत, त्यांतले बरेच त्या वेळचे. नंतर कुठे फुटले, कुठे शेजाऱ्याने कोरले, कुठे ट्रॅक्टर वळवायला जागा हवी म्हणून आम्हीच सपाट केले. एक जरी बांध मध्ये फुटला की वरच्या दहा रानांचं पाणी त्याच खिंडीतून धावतं आणि खालच्यांची माती घेऊन जातं. कागदावर बांध दोन गटांमधली हद्द असतो, पण प्रत्यक्षात तो अख्ख्या उताराचा असतो. आपल्याकडच्या मातीच्या सगळ्या योजना नेमक्या इथेच अडखळतात.

गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना २०१७ ची, २०२३ मध्ये पुन्हा सुरू झालेली. माझ्या मते राज्य सरकारने अलीकडे आणलेल्या बऱ्या योजनांपैकी एक. यंत्र आणि डिझेलचा खर्च सरकारचा, काम स्थानिक संस्थेमार्फत, आणि गाळ शेतकऱ्याने स्वतःच्या वाहनाने न्यायचा. अल्पभूधारकाला वाहतुकीसाठी एकरी १५,००० रुपयांपर्यंत, अडीच एकराच्या मर्यादेत म्हणजे जास्तीत जास्त ३७,५०० रुपये अनुदान. मांडणी चांगली आहे. पण ट्रॅक्टरवाला रोख मागतो आणि अनुदान मागून येतं. त्यामुळे ज्याच्या दारात स्वतःचा ट्रॅक्टर उभा, त्याच्या रानात गाळ आधी पडतो. आमच्याकडे तसंच झालं. आमच्या दारात ट्रॅक्टर आहे, हेही सांगून टाकतो.

नाशिक शहरातल्या मंडळींना हा विषय लांबचा वाटत असेल तर गंगापूर धरणाचं घ्या. १९६५ चं धरण, मूळ क्षमता ७,२०० दशलक्ष घनफूट. आज ५,६३० धरतात. मधला फरक नळाला येत नाही, तो गाळ होऊन तळाशी बसलाय. त्यातली बरीच माती वरच्या कुणाच्या तरी रानातली.

असो. आमच्या पाझर तलावावर संस्था आली, पोकलेन आलं, फ्लेक्स लागला, उद्घाटनाचे फोटो निघाले. काम खरंच नेटकं झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण तलावाच्या वरच्या बाजूची ओघळ जशीच्या तशी राहिली. मी विचारलं तर उत्तर आलं, "ते आमच्या कामाच्या व्याप्तीत येत नाही." कार्यालयात गेलो तर साहेबांनी ग्रामपंचायतीकडे बोट दाखवलं. ग्रामपंचायतीत कळलं, पूर्वीच्या पाणलोट प्रकल्पात लोकवाटा जमा करून देखभालीचा निधी बँकेत ठेवलेला आहे. सही दोघांची लागते. एकजण वारले, दुसरे मुलाकडे पुण्याला. समितीचं दप्तर कुणाकडे, ते कुणालाच ठाऊक नाही.

दोष संस्थेचा नाही. भागीदारी किती घनमीटर खोदलं एवढ्यावरच मोजली, तर ती खोदून झालं की संपणारच.

वेगळं कसं होतं ते बघायला लांब जायची गरज नाही. दिंडोरीतलं वाघाड धरण, आणि त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझर. शेपटाला पाणी पोचायचंच नाही. १९९० च्या सुमारास बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी समाज परिवर्तन केंद्राच्या वतीने तिथल्या शेतकऱ्यांच्या पाणी वापर संस्था उभ्या केल्या. पाणी घनमापनाने मोजून घ्यायचं, संस्थेने सभासदांत वाटायचं, पाणीपट्टी संस्थेनेच वसूल करून पाटबंधारे खात्याला भरायची. कोणतं पीक घ्यायचं ते शेतकरी ठरवणार. पुढे धरणावरच्या सगळ्या संस्थांचा मिळून संघ झाला आणि कालव्यांचा कारभार त्याच्याकडे आला. २००५ मध्ये राज्याने शेतकऱ्यांकडून सिंचन व्यवस्थापनाचा कायदा केला, त्यामागे असल्या अनुभवांचं बळ होतं. खात्याने तिथे लोकांना नुसतं 'सहभागी' करून घेतलं नाही, गेटची चावी दिली आणि वसुलीचा अधिकारही.

बागलाणात तर हे त्याहून जुनं. मोसम आणि आरमच्या काठी फड पद्धत शेकडो वर्षं चालली. एका फडात, म्हणजे शेतांच्या एका सलग पट्ट्यात, एकच पीक, पाणी पाटकरी (पाटावर नेमलेला माणूस) सोडणार, बंधारा-पाट दुरुस्तीला सगळ्यांनी यायचं. आमच्याच सिन्नरमध्ये देवनदीवरचे इंग्रजांच्या काळातले वळण बंधारे आणि पाट युवा मित्र या संस्थेने गावकऱ्यांना सोबत घेऊन पुन्हा वाहते केले.

सगळ्या पाणी वापर संस्था गुणाच्या आहेत असं म्हणणार नाही. कित्येक नुसत्या कागदावर आहेत, आणि निवडणूक लागली की पाणी बाजूला राहतं आणि पॅनेलं उरतात. पण निदान पाण्याला कायद्याने मान्य असं घर आहे. मातीला तसं काहीच नाही. मातीसाठी एक योजना येते, पाच वर्षांनी दुसरी येते, दर वेळी नवी समिती, नवा फलक.

मला वाटतं, ओघळीच्या दोन्ही अंगांच्या खातेदारांची संस्था असावी. गावाची नको, गाव फार मोठं होतं. पंधरा-वीस खातेदार, एवढंच. गाळाचं अनुदान मंजूर करताना त्यातला ठरावीक हिस्सा या संस्थेच्या खात्यात दरसाल जमा व्हावा, पावसाळ्याआधी बांध आणि सांडवे बघून घ्यायला. आणि गाळ कुणाच्या रानात आधी पडणार, तो क्रमही तिनेच लावावा, म्हणजे आमच्यासारखे ट्रॅक्टरवाले रांगेत मागे जातील. भाऊ हे वाचून फोन करणार आहे, ठाऊक आहे.

जूनच्या दुसऱ्या मोठ्या पावसात वरचा जुना सांडवा एका बाजूने खचला. भाऊ, तात्या आणि खालचे दोन शेजारी, ज्यांच्यातल्या एकाशी आमचं बांधावरून चार वर्षं बोलणं नव्हतं, असे चौघे मिळून दोन दिवस दगड रचत होते. दगडाच्या दोन ट्रॉल्या लागल्या. ते भाडं कुणी द्यायचं यावर अजून चर्चा चालू आहे.