एफ. ई. नंतर अमेरिकेत ट्रान्सफर: आधी परीक्षा विभागाची खिडकी, मग स्टॅनफर्ड

एफ. ई. ची, म्हणजे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाची, पहिली सेमिस्टर संपली की नाशिकच्या कॉलेज रोडच्या कट्ट्यांवर एक विषय हमखास निघतो. जेईईने दगा दिला, बारावीत अमेरिकेचे अर्ज भरायचे राहून गेले, तर आता इथे एक वर्ष काढू आणि ट्रान्सफर मारू, उरलेली पदवी अमेरिकेत. थेट स्टॅनफर्ड. घरचेही मान डोलावतात. कॅनडा कॉर्नरला नुसतं उभं राहिलं तरी परदेशात निम्मं पोचल्यासारखं वाटतं म्हणा, पण तिथल्या परदेशी शिक्षणाच्या पाट्यांमागच्या बऱ्याच मंडळींचं पोट कमिशनवर चालतं, आणि जिथे प्रवेश अवघड ती विद्यापीठं सहसा कमिशन देत नाहीत. त्यामुळे या वाटेची नीट माहिती तिथे मिळेलच असं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. ट्रान्सफरचा निकाल तुमच्या सध्याच्या कॉलेजच्या कागदांवर लागतो, आणि त्या कागदांची तयारी एफ. ई. च्या ऑगस्टपासून करावी लागते. जानेवारीत जागं झालेल्याचा अर्ज भरला जातो खरा, पण तो अर्धाच असतो.

भारतातलं आधी उरकतो. आयआयटीत बी. टेक.च्या दुसऱ्या वर्षाला बाहेरून प्रवेश नाही. आपल्याकडे मधूनच वर चढायचा खरा मोठा जिना एकच, डिप्लोमानंतर थेट दुसरं वर्ष. सामनगावच्या शासकीय पॉलिटेक्निकमधून उत्तम टक्के घेऊन पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआय या इंजिनिअरिंग कॉलेजला जाणं हीसुद्धा ट्रान्सफरच आहे आणि तिला पाऊण कोटी लागत नाहीत. ज्यांना हा जिना उपलब्ध आहे त्यांनी आधी तो चढावा.

आता अमेरिका. पहिली चूक दार निवडण्यातच होते. येलकडे वर्षाला हजाराच्या वर ट्रान्सफर अर्ज येतात आणि जागा असतात २० ते ३०. हार्वर्डला तर साधारण डझनभर. प्रिन्स्टनने १९९० पासून ट्रान्सफर बंदच ठेवलं होतं, ते २०१८ मध्ये पुन्हा सुरू केलं आणि तेही कम्युनिटी कॉलेजमधली (म्हणजे दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांतली), सैन्यातून आलेली, गरीब घरातली मुलं नजरेसमोर ठेवून. याउलट कॉर्नेल दरवर्षी कित्येकशे ट्रान्सफर विद्यार्थी घेतं. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा आकडा हजाराच्या वर जातो. नाव तितकंच मोठं, दार मात्र बरंच रुंद. पण कॉर्नेलमध्ये पदवीची कॉलेजं अनेक आणि प्रत्येकाच्या अटी निराळ्या. इंजिनिअरिंगला गणित, भौतिक, रसायन, प्रोग्रॅमिंग असे ठरावीक विषय आधी झालेले लागतात, शेतकी कॉलेजची यादी वेगळी. ‘कॉर्नेलला अर्ज केला’ हे वाक्यच अपुरं आहे. कोणत्या कॉलेजला आणि कोणत्या मेजरला, म्हणजे मुख्य विषयाला, ते सांगा.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, डेव्हिस वगैरे कॅम्पसचा, हिशोब आणखी वेगळा. तिथे ट्रान्सफर मुख्यतः तिसऱ्या वर्षाला, ६० सेमिस्टर युनिट पूर्ण झाल्यावर. म्हणजे एफ. ई. करून जाताच येत नाही. अर्ज नोव्हेंबरअखेरीस, शिफारसपत्रं नाहीत, एसएटी ही प्रवेशपरीक्षाही नाही. आणि घेतलेल्या ट्रान्सफर विद्यार्थ्यांत दहापैकी नऊहून जास्त कॅलिफोर्नियातल्याच कम्युनिटी कॉलेजचे असतात. त्यामुळे ज्यांना कॅलिफोर्नियाच हवं, त्यांनी नाशिकमधून अर्ज करण्याऐवजी बारावीनंतर थेट डी अँझा किंवा सांता मोनिकासारख्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढणं जास्त शहाणपणाचं. ‘असिस्ट’ नावाच्या संकेतस्थळावर कम्युनिटी कॉलेजातला कोणता विषय कोणत्या कॅम्पसला चालतो ते ओळीओळीने दिलेलं असतं. शिवाय डेव्हिस, अर्व्हाइन, सांता बार्बरा, सांता क्रूझ, रिव्हरसाइड आणि मर्सेड हे सहा कॅम्पस ठरलेले विषय आणि ठरलेले गुण असतील तर प्रवेशाची लेखी हमी देतात. त्या हमीचा अर्ज सप्टेंबर महिन्यात करायचा आणि एकाच कॅम्पससाठी. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन दिएगो त्यात नाहीत. सगळे मेजरही नाहीत, यादी दरवर्षी बघावी लागते. ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हटलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, नातेवाइकांना काय सांगायचं म्हणून. नातेवाईक फी भरणार नाहीत.

एवढं करूनही इथूनच अर्ज करायचा असेल, तर कागद. या भागाला मी जास्त वेळ देणार आहे, कारण बहुतेक अर्ज इथेच मरतात.

हार्वर्ड आणि येलची मुदत १ मार्च, स्टॅनफर्ड आणि कॉर्नेलची १५ मार्च. आपली एन्डसेम, म्हणजे सत्रअखेरची परीक्षा, डिसेंबर-जानेवारीत आणि निकाल येईल तेव्हा येईल. म्हणजे एफ. ई. मध्ये अर्ज करणाऱ्याच्या हातात मुदतीच्या दिवशी कॉलेजचा एकही अधिकृत निकाल नसण्याची दाट शक्यता. मग तुमची बारावी, अकरावी आणि असेल तर एसएटी, हेच बघितलं जातं. म्हणजे ज्या बारावीपासून पळ काढायचा होता तीच पुन्हा समोर. अकरावीत फक्त क्लासला जाऊन कॉलेजात नावापुरतं नाव ठेवलं असेल तर आणखी पंचाईत, कारण त्यांना नववी ते बारावी चारही वर्षांचे गुण हवे असतात आणि अकरावीची मार्कशीट म्हणजे कुणीतरी घाईत भरलेला कागद असतो. म्हणून माझा सल्ला, एफ. ई. ला अर्ज करूच नका. एस. ई. च्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, मार्चमध्ये करा, तेव्हा दोन, नशीब असेल तर तीन सेमिस्टरचे निकाल हातात असतात. टी. ई. पर्यंत मात्र थांबू नका. बहुतेक ठिकाणी शेवटची किमान दोन वर्षं त्यांच्याकडेच काढावी लागतात, त्यामुळे तीन वर्षं इथे घालवली तर त्यातलं एक वायाच जातं. हार्वर्ड तर दोन वर्षांहून जास्त शिकलेल्याला घेतच नाही.

कॉमन अ‍ॅप म्हणजे अनेक अमेरिकी विद्यापीठांचा सामाईक ऑनलाइन अर्ज. त्याचा ट्रान्सफर अर्ज हा बारावीवाल्यांच्या अर्जाहून वेगळा असतो. त्यात ‘कॉलेज रिपोर्ट’ नावाचा फॉर्म असतो, जो कॉलेजच्या अधिकाऱ्याने भरायचा. विद्यार्थी नियमित आहे का, शिस्तभंगाची कारवाई झाली आहे का, गुण किती, इतकंच. अवघड काही नाही, पण आपल्या कॉलेजात हे कुणाचं काम तेच ठरलेलं नसतं. क्लार्क म्हणतो प्राचार्यांना विचारा, प्राचार्य म्हणतात परीक्षा विभागात द्या, आणि तिथे ‘असा फॉर्म आमच्याकडे नसतो’ हे उत्तर तयारच असतं. फॉर्मची प्रिंट घेऊन, अवघड शब्दांखाली पेन्सिलीने मराठीत अर्थ लिहून डिसेंबरातच प्राचार्यांकडे किंवा उपप्राचार्यांकडे जा. ‘मिडटर्म रिपोर्ट’ मागितला असेल तर चालू सेमिस्टरचे गुण लागतात. तिथे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेचे गुण किती, ते विषयशिक्षकांच्या सहीने चालतं. आणि हे सगळं कॉलेजच्या डोमेनवरच्या ई-मेलवरून जायला हवं. प्राचार्यांच्या जीमेलवरून गेलेला कागद तिकडे संशयाने बघितला जातो.

ट्रान्सक्रिप्ट म्हणजे सगळ्या सेमिस्टरच्या गुणांचा एकत्र अधिकृत उतारा, मार्कशीटची झेरॉक्स नव्हे. संलग्न कॉलेजातल्या मुलाची अधिकृत ट्रान्सक्रिप्ट पुण्याहून, विद्यापीठाकडून येते. तिला लागणारे आठवडे धरूनच उलटी तारीख काढा. रिव्हॅल्युएशन टाकलेलं असेल किंवा निकाल रिझर्व्ह असेल तर तो कागद अडकतो. एखादी केटी, म्हणजे राहिलेला विषय, असेल तर लपवू नका, ती ट्रान्सक्रिप्टवर दिसतेच. अर्जातल्या जादा माहितीच्या रकान्यात दोन ओळींत कारण लिहा आणि पुढे चला. सीजीपीए चारच्या मापात स्वतः बदलत बसू नका, दहाच्या मापातच लिहा. हवं तर शिक्षकांच्या पत्रात ‘वर्गातल्या ७० जणांत पाचवी’ असं लिहून घ्या. आपल्याकडचे सात-साडेसात तिकडच्या माणसाला पडलेले वाटू शकतात, वर्गातला नंबर मात्र कुणालाही कळतो.

आता शिफारसपत्रं. ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ हे वाक्य ज्याने ऐकलं नाही असा विद्यार्थी नाशिक जिल्ह्यात सापडायचा नाही. मग दोन शिक्षकांची पत्रं एकाच भाषेत, एकाच चुकांसह जातात आणि दोन्हींत विद्यार्थी ‘कष्टाळू, प्रामाणिक आणि मनमिळाऊ’ असतो. वाचणारा रोज शंभर पत्रं वाचतो, त्याला ते एका मिनिटात कळतं. सर किंवा मॅडमना पानभर टिपण द्या. कोणत्या प्रॅक्टिकलला कोणती रीडिंग चुकली, ती का चुकली हे तुम्ही कसं शोधलं, कोणत्या प्रश्नावरून तास संपल्यावर थांबून वाद घातला. पत्र त्यांनाच लिहू द्या. तोडकं इंग्रजी चालतं.

क्रेडिटचं गणित तर सगळ्यात जास्त फसवतं. आपल्या एफ. ई. ला चाळिसाच्या वर क्रेडिट असतात, तिकडे वर्षाला साधारण ३०. म्हणून आपण वर्षभर पुढे आहोत असं कुणी समजू नये. एम-वनमध्ये, म्हणजे गणिताच्या पहिल्या पेपरात, आपल्याकडे मीन व्हॅल्यू थिअरम, पार्शल डेरिव्हेटिव्ह आणि मॅट्रिक्स एकाच पातेल्यात. त्यांच्याकडे हे तीन-चार वेगळ्या विषयांत वाटलेलं. नुसतं ‘इंजिनिअरिंग मॅथेमॅटिक्स’ नाव वाचून तपासणारा काहीच देणार नाही. युनिटवार सिलॅबस, तासांची संख्या, पुस्तकाचं नाव आणि शक्य असेल तर सोडवलेली असाइनमेंट, हे जोडलं तर कॅल्क्युलसचा काही भाग पदरात पडतो. फिजिक्स आणि केमिस्ट्रीला लॅब वेगळी दाखवा, प्रॅक्टिकलचे जर्नल रद्दीत देऊ नका. वर्कशॉप आणि ग्राफिक्स बहुधा बुडीत खात्यात. आणि सगळ्यात मोठं भगदाड म्हणजे इंग्रजी लेखन. तिकडे पहिल्या वर्षाला निबंधलेखनाचा पूर्ण विषय असतो, कॅलिफोर्नियाला तर असे दोन लागतात. आपल्या इंजिनिअरिंगला तो नाहीच. कम्युनिकेशन स्किलचा कोर्स त्या जागी चालत नाही आणि इंग्रजी माध्यमात शिकलो हे उत्तरही चालत नाही. आर्ट्सच्या, इंग्रजी स्पेशल घेतलेल्या मुलांना इथे उलट फायदा.

‘ट्रान्सफर का हवी’ या निबंधात आपली मुलं कॉलेजची उणीदुणी काढतात. लॅब जुनाट, शिक्षक शिकवत नाहीत, तुमचं विद्यापीठ जागतिक दर्जाचं. असल्या वाक्यांनी काही साधत नाही. समजा निफाड तालुक्यातली, मायक्रोबायोलॉजी शिकणारी एक मुलगी आहे. तिने लिहावं की ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस झाला की द्राक्षबागेत डाऊनीचा रोग येतो, फवारणीचं वेळापत्रक गावात सगळ्यांना पाठ आहे, पण पान किती तास ओलं राहिलं आणि तापमान किती होतं यावरून रोग आधीच कसा ओळखायचा हे मला शिकायचंय, आणि माझ्या सध्याच्या अभ्यासक्रमात वनस्पतिरोगांना एकच युनिट आहे. मग डेव्हिस आणि कॉर्नेल, दोन्हीकडे द्राक्षशेती आणि वाइननिर्मितीची पदवी आहे, हे वाक्य आपोआप जागेवर बसतं. कॉलेजला नावं न ठेवता कॉलेजची मर्यादा सांगून झाली. हाच निबंध नाव बदलून दुसऱ्या विद्यापीठाला पाठवता येत असेल तर तो फाडून टाका.

पैसे. खासगी विद्यापीठाचा वर्षाचा एकूण खर्च ९० हजार डॉलरच्या घरात, म्हणजे पाऊण कोटीहून जास्तच. परदेशी आणि त्यातून ट्रान्सफर, या जोडीला मदत सगळ्यात कमी मिळते, आणि बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची शक्यताही घटते. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी परदेशी अर्जदाराचा खिसा न बघता निवड करतात, पण तिथल्या ट्रान्सफरच्या जागा हातापायाच्या बोटांवर मोजण्याइतक्या. आय-२० साठी, म्हणजे व्हिसाकरता विद्यापीठ देतं त्या फॉर्मसाठी, पहिल्या वर्षाचा पैसा रोख स्वरूपात दाखवावा लागतो, म्हणजे बचत, एफडी किंवा मंजूर कर्जाचं पत्र. सातबारा आणि प्लॉटचं व्हॅल्युएशन तिथे चालत नाही. दोन-अडीच वर्षांचा हा खर्च आणि इथे बी. ई. करून दोन वर्षांच्या एम. एस. चा खर्च, हे दोन आकडे एका कागदावर शेजारी लिहून बघा. इंजिनिअरिंगच्या बहुसंख्य मुलांसाठी मला दुसराच बरा वाटतो. इथे जो विषय शिकायचीच सोय नाही, त्याचं मात्र तसं नाही.

काही किरकोळ पण महागात पडणाऱ्या गोष्टी. कॉमन अ‍ॅपची मुदत तुमच्या घड्याळाप्रमाणे रात्री ११:५९ ला संपते. अमेरिकेत अजून दिवस आहे म्हणून सकाळपर्यंत थांबलेला अर्ज गेला म्हणून समजा. एमआयटीने एसएटी २०२२ मध्ये पुन्हा सक्तीची केली, त्यानंतर इतरांनीही, तेव्हा ‘एसएटी लागत नाही’ हे मोठ्या भावाच्या मित्राकडून ऐकलेलं धरून चालू नका.

आणि निकाल आल्यावर पेढे वाटण्याआधी एक. एप्रिल ते जूनमध्ये उत्तर येतं, मग आय-२०, परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची ३५० डॉलर सेव्हिस फी, व्हिसाची फी वेगळी, मुलाखतीला मुंबईचं बीकेसी. तोवर इथे पुढच्या वर्षाची फी भरायची वेळ येते. ती भरा. व्हिसाचा शिक्का पासपोर्टवर दिसेपर्यंत इथला प्रवेश रद्द करू नका आणि एल. सी., म्हणजे कॉलेज सोडल्याचा दाखला, काढू नका. एकदा एल. सी. घेतली की त्याच वर्गात परत बसायला पुन्हा त्याच खिडकीवर जावं लागतं, आणि तेव्हा जागा रिकामी असेलच असं नाही.