एमएसचं औषध म्हणे दाबून ठेवलंय

परवा परत तोच मेसेज आला, यावेळी तीन वेगवेगळ्या नातेवाइकांकडून. थोडक्यात असं की मल्टिपल स्क्लेरोसिसवर (म्हणजे एमएस, शरीराची इम्यून सिस्टिम स्वतःच्याच मेंदू-मज्जारज्जूवर हल्ला करते तो आजार) कायमचा इलाज केव्हाच सापडलाय, ट्रायलमध्ये (म्हणजे पेशंटवरच्या चाचणीत) चाललेली औषधं कंपन्या गुपचूप गायब करतात, स्वस्त औषधं मुद्दाम तपासतच नाहीत, अर्ध्या पेशंटना साखरेच्या गोळ्या देऊन वाऱ्यावर सोडतात, आणि म्हणून "ट्रायलच्या भानगडीत न पडता स्टेम सेल करून घ्या". माझ्या ताईला एमएस आहे आणि तिच्यासाठी मी ट्रायल्सची एक एक्सेल शीट ठेवते, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

पहिलं, "गायब करतात". अहो कुठे गायब? क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या अमेरिकन सरकारच्या ट्रायल-नोंदणीच्या साइटवर प्रत्येक ट्रायलला एनसीटी आणि पुढे आठ आकडे असा नंबर असतो, आणि ट्रायल मध्येच बंद पडली तरी ते पान तिथून जात नाही, वर फक्त 'टर्मिनेटेड' असं लागतं आणि बऱ्याचदा खाली कारणही लिहिलेलं असतं. माझ्या शीटमध्ये सगळ्यात मोठा कॉलम अशा बंद पडलेल्या नाहीतर नापास झालेल्या मंडळींचाच आहे. उदाहरण घ्या एव्होब्रुटिनिब या एमएसच्या नव्या गोळीचं. फेज २ मध्ये (म्हणजे मधल्या, छोट्या ट्रायलमध्ये) २६७ पेशंट, एमआरआयवर नवीन सूज असलेले डाग प्लासिबोपेक्षा (म्हणजे औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा) कमी दिसले, तेव्हा आमच्या घरी पण जवळजवळ पेढेच वाटायचे बाकी होते. पण त्याच पेपरमध्ये लिहिलं होतं की रिलॅप्स (म्हणजे आजाराचा नवा अटॅक) आणि अपंगत्वावर ठोस फरक दिसलेला नाही, ती ओळ मी वाचली आणि सोयीस्करपणे विसरले. मग फेज ३ मध्ये, म्हणजे शेवटच्या मोठ्या ट्रायलमध्ये, टेरिफ्लुनोमाइड या आधीपासून वापरात असलेल्या गोळीशी थेट सामना लावला आणि डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने स्वतःच जाहीर केलं की आमचं औषध त्यापेक्षा सरस ठरलं नाही. यात दाबलं काय? कंपनीने एवढा पैसा घालून स्वतःचीच नाचक्की जगजाहीर केली.

औषध बाजारातून काढून घेतल्याची उदाहरणं आहेत, नाही असं नाही. नॅटालिझुमॅब हे एमएसचं औषध नोव्हेंबर २००४ मध्ये मंजूर झालं आणि फेब्रुवारी २००५ मध्ये मागे घेतलं कारण काहींना पीएमएल नावाचं मेंदूचं जीवघेणं इन्फेक्शन झालं, पण २००६ मध्ये ते कडक अटींसह परत आलं आणि आज जेसी व्हायरसची (त्यानेच पीएमएल होतो) टेस्ट बघून देतात. डॅक्लिझुमॅब २०१६ मध्ये आलं, मेंदूला सूज येण्याच्या केसेस दिसल्यावर २०१८ मध्ये गेलं, ते गेलंच. क्लॅड्रिबिनच्या गोळीला तर आधी युरोप-अमेरिकेत नकार मिळाला होता आणि नंतर २०१७ मध्ये युरोपात, २०१९ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली. म्हणजे काढून घेतलं ते उघडपणे, आणि परत आणलं तेही उघडपणे.

एक मात्र खरं, रिझल्ट वेळेवर टाकण्यात दिरंगाई होते. अमेरिकेचा २००७ चा कायदा साधारण एका वर्षात रिझल्ट टाका म्हणतो आणि कितीतरी जण तो पाळत नाहीत. याच्यावर चिडा, मी पण चिडते. पण उशीर करणं वेगळं आणि इलाज लपवणं वेगळं.

"स्वस्त औषधं तपासत नाहीत." हा मुद्दा तर मला सगळ्यात जास्त झोंबला, कारण तपासली आहेत, चांगली घासून तपासली आहेत. सिम्वास्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉलची जुनीपुराणी गोळी, पेटंट केव्हाच संपलेली. ब्रिटनमध्ये १४० सेकंडरी प्रोग्रेसिव्ह (आधी अटॅक येऊन जातात, नंतर आजार हळूहळू वाढतच जातो तो प्रकार) पेशंटवर फेज २ झाली, मेंदू आक्रसण्याचा वेग ४३ टक्क्यांनी कमी दिसला, २०१४ मध्ये छापून आलं. मग सरकारी आणि धर्मादाय संस्थांच्या पैशावर ९६४ पेशंटची फेज ३ केली आणि २०२४ मध्ये कळलं की अपंगत्व वाढायचं काही थांबत नाहीये. बायोटिनचं तसंच, साधं व्हिटॅमिन, फक्त डोस प्रचंड. पहिल्या ट्रायलमध्ये बायोटिनवाल्यांपैकी १३ जण सुधारले आणि प्लासिबोवाल्यांपैकी एकही नाही! त्यानंतर ६४२ जणांची मोठी ट्रायल झाली तर सुधारणा १२ टक्के विरुद्ध ९ टक्के, म्हणजे आकडेशास्त्राच्या हिशोबात काहीच नाही. वर त्या डोसमुळे थायरॉइडसारख्या रक्त तपासण्यांचे रिपोर्ट चुकीचे यायचे ते वेगळंच.

आता साखरेच्या गोळ्या. रिलॅप्सिंग एमएसच्या, म्हणजे अटॅक येऊन ओसरतो त्या प्रकाराच्या, हल्लीच्या मोठ्या ट्रायल्समध्ये समोरच्या गटाला बहुतेक वेळा खरं औषधच मिळतं. ऑक्रेलिझुमॅब या नव्या औषधाच्या दोन ट्रायल्समध्ये समोर इंटरफेरॉन हे एमएसचं जुनं इंजेक्शन होतं, ऑफाट्युमुमॅब या दुसऱ्या नव्या औषधाच्या वेळी टेरिफ्लुनोमाइड. प्लासिबो वापरतात ते मुख्यतः प्रोग्रेसिव्ह प्रकारात, जिथे द्यायला हातात फारसं काही नसतं, आणि तिथेही पुष्कळदा दोघांना औषध, एकाला प्लासिबो असं वाटप असतं. आणि प्लासिबो हवाच का? कारण एमएसचा अटॅक आपोआपही ओसरतो. माणूस सगळ्यात वाईट अवस्थेत असताना काहीतरी नवीन सुरू करतो, पुढे दोन महिन्यांत बरं वाटतं आणि श्रेय जातं त्या काहीतरीला, मग ते काढा असो की इंजेक्शन.

"तीस वर्षांत काहीच आलं नाही" असंही त्यात एक वाक्य आहे. १९९३ मध्ये पहिलं इंटरफेरॉन मंजूर झालं, त्यानंतर डझनावारी औषधं आली. पुढचं बोलू. प्रोग्रेसिव्ह एमएसवाल्यांनी "आमच्यासाठी काय?" असं विचारलं तर मात्र मान खाली जाते. प्रायमरी प्रोग्रेसिव्हसाठी (सुरुवातीपासूनच हळूहळू वाढणाऱ्या प्रकारासाठी) पहिलं औषध २०१७ मध्ये, तेच ऑक्रेलिझुमॅब, आणि ट्रायलमधले आकडे बघा, अपंगत्व वाढलेले ३२.९ टक्के विरुद्ध प्लासिबोवर ३९.३. फरक आहे पण चमत्कार नाही. टोलेब्रुटिनिब या आणखी एका नव्या गोळीची गंमत तर अजून वेगळी, रिलॅप्स कमी करण्यात दोन्ही ट्रायल्समध्ये टेरिफ्लुनोमाइडपेक्षा सरस ठरलं नाही, पण रिलॅप्स न येणाऱ्या सेकंडरी प्रोग्रेसिव्हमध्ये अपंगत्व वाढण्याचा धोका ३१ टक्क्यांनी कमी, आणि सोबत लिव्हरला इजा होण्याची भीती. एकच गोळी, एकीकडे नापास, एकीकडे पास. "यशस्वी" हा शब्द आला की कशात, कोणाच्या तुलनेत आणि कुठल्या प्रकारच्या एमएसमध्ये हे विचारायचं, मी शीटमध्ये त्याचे तीन वेगळे कॉलमच केलेत.

राहिलं "ट्रायलच्या भानगडीत पडू नका". हे एकदा करून झालंय हो. २००९ मध्ये इटलीच्या पाओलो झांबोनींनी म्हटलं की मानेच्या शिरा अरुंद झाल्यामुळे एमएस होतो, त्या फुग्याने उघडा. ट्रायलची वाट न बघता हजारो लोक स्वतःच्या पैशाने देशोदेशी जाऊन उघडून आले. २०१७ मध्ये कॅनडाची ट्रायल आली, उपयोग शून्य. त्याच वर्षी खुद्द झांबोनींची ट्रायल आली, तिचाही निष्कर्ष तोच.

स्टेम सेलमध्येही दोन गोष्टी लोक एकत्र कालवतात. केमो देऊन इम्यून सिस्टिम पुसून स्वतःच्याच रक्तपेशी परत देतात, त्या एएचएससीटीवर खरंच जमेचा पुरावा आहे, २०१९ च्या ११० जणांच्या ट्रायलमध्ये ट्रान्सप्लांट गटात ३ जणांचा आजार वाढला आणि औषधांच्या गटात ३४ जणांचा. पण ते निवडक पेशंटसाठी आहे आणि केमोचे धोके सोबत आहेतच. मेसेजच्या खाली ज्या क्लिनिकचा नंबर होता तिथे केमो वगैरे काही नाही, पोटाच्या चरबीतून पेशी काढून सलाईनमधून सोडतात, आणि पुरावा म्हणून एनसीटी नंबर दिलाय. मी उघडून बघितलं. नोंद आहे, पण नोंद क्लिनिक स्वतःच करू शकतं, आणि त्या साइटवरच लिहिलंय की इथे नाव असणं म्हणजे सरकारने तपासून मान्यता दिली असं नाही. तुलनेसाठी दुसरा गट नाही, रिझल्टची जागा रिकामी, आणि भाग घ्यायचे पैसे पेशंटनेच भरायचे. तिन्ही नातेवाइकांना त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवलाय, अजून एकाचीच ब्लू टिक आलीये.