मध्ययुगीन गायन, 528 हर्ट्झ आणि 432 वर लावलेलं व्हायोलिन: एका फिरत्या मजकुराला उत्तर

मजकूर थोडक्यात असा: मध्ययुगीन मठांतले साधू 528 हर्ट्झच्या ‘मी’वर गात, इटालियन साधू आणि संगीतशिक्षक गुइदो दारेत्सोच्या ऊत-रे-मी-फा-सोल-ला या स्वरांचे मूळ आकडे 396, 417, 528, 639, 741, 852 असे होते, पुढे नाझींनी ए या स्वरासाठी 440 लादलं, आता व्हायोलिनचा ए 432 वर लावा, जुनं संगीत जुन्या सुरात वाजू लागेल.

पहिली अडचण साधी आहे. गुइदो अकराव्या शतकातला. सेकंदाला कंपनं किती, हे मोजायचं साधनच तेव्हा नव्हतं. तो हिशेब सतराव्या शतकात फ्रेंच विद्वान मेर्सेनपासून सुरू होतो आणि ‘हर्ट्झ’ हे एकक तर 1930 चं. गुइदोच्या काळी होता तो मोनोकॉर्ड: एक तार, खाली सरकती घोडी. तारेच्या लांबीचं गुणोत्तर 2:1 म्हणजे सप्तक, 3:2 म्हणजे पंचम. मोजलं जायचं ते स्वरांतर, पट्टी नव्हे. पट्टी गाणाऱ्यांच्या गळ्याप्रमाणे ठरे. ऊतसुद्धा एका जागी नव्हता. सहा स्वरांची ही साखळी सी, एफ किंवा जी, कुठूनही सुरू होई, म्हणून ‘मी’ कधी ई, कधी ए, कधी बी. कुणाचा सा काळी एक, कुणाचा पांढरी पाच, हे ज्यांना रोजचं आहे त्यांनी तरी ‘मी म्हणजे 528’वर विश्वास ठेवू नये.

दुसरं, आकडे स्वतःच साक्ष देतात. 396 ला 528 चं प्रमाण 3:4, म्हणजे सा ते शुद्ध मध्यम. ऊत ते मी मात्र सा ते गंधार आहे. आणि 852 ही 396 च्या दुपटीहून (792) जास्त, म्हणजे या यादीतला ‘ला’ सप्तकाबाहेर पडतो. गुइदोचा ला तर ऊतचा धैवत. ही यादी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत जोसेफ पुलिओने बायबलमधल्या आकड्यांच्या अंकांची बेरीज करून काढली. गायची म्हटली तरी ती गाता येत नाही.

नाझींचं प्रकरण लवकर मिटतं. 440 ची शिफारस जर्मन शाइब्लरने 1834 मध्येच स्टुटगार्टला केली होती. 440 ठरवणारी 1939 ची आंतरराष्ट्रीय परिषद लंडनमध्ये झाली. इंग्लंडमध्ये 439 प्रचलित होतं, पण ती मूळ संख्या असल्याने प्रसारणासाठी स्फटिकापासून काढणं अवघड. 440 मात्र स्फटिकाच्या सेकंदाला दहा लाख कंपनांना 1000 ने भागून, 11 ने गुणून, 25 ने भागून मिळतं. कारस्थान म्हणायचं तर अंकगणिताचं.

आता खरा घोळ: 432 वर लावलं की ‘ऐतिहासिक’ झालं. 440 वरून 432 वर आलं की सगळंच सुमारे 32 सेंटने (सप्तकाचे 1200 सेंट) खाली सरकतं, स्वरांतरं जशीच्या तशी राहतात. ‘432 घेतलं की सी बरोबर 256 येतो’ हेही फक्त शुद्ध पंचमांच्या, म्हणजे पायथागोरसच्या लावणीत खरं. समविभागी लावणीत, म्हणजे सप्तकाचे बारा सारखे भाग केले की, सी येतो 256.87.

जुनी लावणी हवी असेल तर पट्टी कुठलीही घ्या आणि काम स्वरांतरांवर करा. ए 440 धरून शुद्ध पंचमांनी स्ट्रिंग चौकडी (दोन व्हायोलिन, व्हिओला, चेलो) अशी लागते: डी 293.33, जी 195.56, व्हिओलाचा सी 130.37, व्हायोलिनचा ई 660. नेहमीच्या (समविभागी) ट्यूनरवर डी 2, जी 4, सी 6 सेंट कमी आणि ई 2 सेंट जास्त दिसला पाहिजे. काटा मधोमध आणलात तर डी 293.66 होतो आणि ए-डी एकत्र वाजवताना सेकंदाला साधारण एक थरथर ऐकू येते. ती थांबेपर्यंत खुंटी फिरवायची.

इतकं झाल्यावर व्हिओलाच्या मोकळ्या सीवर व्हायोलिनचा मोकळा ई वाजवा. सेकंदाला आठेक थरथरी येतील, कारण हा गंधार 408 सेंटचा (81:64) आहे, 386 चा (5:4) नाही. लावणी चुकली असं समजून लोक इथेच ई उतरवतात. फ्रेंच रचनाकार माशोच्या चौदाव्या शतकातल्या संगीतात तो ताण हवाच असतो. ई–जी शार्प–सी शार्प हा मेळ डी–ए–डीवर उतरतो तेव्हा दोन्ही शार्प केवळ 90 सेंट चढून मुक्कामाला पोचतात. ते गोड करायला 22 सेंट उतरवले की पायरी 112 ची होते आणि समेची धार जाते.

बिघडतं ते बहुधा बोटात. डी तारेवर पहिल्या बोटाचा ई मोकळ्या जीशी जुळवला तर खाली येतो, मोकळ्या एशी जुळवला तर वर जातो. फरक तोच 22 सेंट. माशोसाठी एशी जुळवा. व्हायब्रेटो बंद, कारण तेवढ्या फरकावर तो सहज पांघरूण घालतो. सरावाला तानपुऱ्याचं ॲप लावू नका: तानपुऱ्यात 386 चा गंधार स्वयंभू वाजत असतो आणि कान तिकडेच ओढला जातो. स्वनक (मूळ स्वरासोबत आपोआप वाजणारे वरचे स्वर) कमी असलेला साधा आवाज चालतो.

अर्थात मध्ययुगाचीही एकच लावणी नव्हती. 1300 च्या सुमारास इंग्रज साधू वॉल्टर ओडिंग्टनने नोंदवलंय की गायक तो गंधार 5:4 च्या जवळ आणतात. पंधराव्या शतकातल्या इंग्रज रचनाकार डन्स्टेबलचे गोड मेळ वाजवताना 408 चा हट्ट धरला तर ते कडू लागतील.

आधुनिक रचनाकारांनीही हाच धागा धरला. अमेरिकन बेन जॉन्स्टनची 1973 ची चौथी स्ट्रिंग चौकडी शुद्ध पंचमांच्या स्वरांनी सुरू होते, मग 5:4 चे गंधार येतात, पुढे सातव्या स्वनकाचे स्वर. त्याच्या लिपीत अधिक चिन्ह स्वराला 81:80 ने, म्हणजे त्याच 22 सेंटनी चढवतं. साधा डी आणि साधा ए यांचा पंचम तिथे तोकडा पडतो, शुद्ध हवा तर एला अधिक लागतो. ही चौकडी ए 432 धरून वाजवा की 440, त्यातलं एकही चिन्ह बदलावं लागत नाही.